मोज्यातले बटाटे

"बटाट्याचा स्कोन म्हणजे असतं काय हो? बटाटा आणि पीठ! त्यात डोंबलाचं कौशल्य!"

ग्रेग पेट्रीनं हे वाक्य गुरुवारी संध्याकाळी, सासूच्या स्वयंपाकघरात बसून, सासूच्याच हातचा, तव्यावर पोळीसारखा भाजून चतकोर कापलेला तिसरा स्कोन तोंडात असताना उच्चारलं. कुठे ब्रेक लावावा याचं भान ग्रेगला बस चालवताना फार चांगलं असायचं. बसमधून उतरला, की ते भान ड्रायव्हरच्या सीटवरच राहून जायचं. आयल्सानं, म्हणजे त्याच्या बायकोनं, टेबलाखालून नडगीवर लाथ हाणली, पण उशीर झाला होता.

एफी हॅल्डेननं चहाची किटली सावकाश खाली ठेवली. बाल्केर्न गावात एफीच्या स्कोनबद्दल असं बोलायची कुणाची टाप नव्हती. गावच्या वार्षिक प्रदर्शनात बटाट्याच्या स्कोनचा पहिला नंबर एफीचा, आणि बाकीच्यांनी दुसऱ्या नंबरपासून पुढे काय भांडायचं ते भांडावं, असा शिरस्ताच होता. तिच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर पहिल्या नंबरची लाल कार्डं अशी ओळीनं लावलेली, की खालचा रंग कुणालाच आठवत नव्हता.

"असं का, जावईबापू?" एफी गोड आवाजात म्हणाली. हा गोड आवाज ऐकून पोस्टमनसुद्धा फाटकाबाहेरून पत्र टाकून पळायचा. "मग परवा प्रदर्शनात पुरुषांची वेगळी स्पर्धा आहे की! बटाट्याचे चार स्कोन. मांडा ना तुम्हीही! डोंबलाचं कौशल्य कसं असतं, आम्हालाही बघू दे."

"मांडतो!" ग्रेग म्हणाला.

"ग्रेग..." आयल्सा दातांतल्या दातांत म्हणाली.

"मांडतो म्हणजे मांडतोच!"

आता हे नुसतं स्कोनवरून पेटलं नव्हतं. लग्न झाल्यापासून एफीनं या माणसाला एकदाही नावानं हाक मारली नव्हती. कायम 'जावईबापू', कायम 'तुम्ही', आणि त्यातला मान असा, की ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा यावा. त्यातून ग्रेगच्या स्वतःच्या घराचं छप्पर वसंतात गळायला लागलं, गवंडी 'पुढच्या आठवड्यात नक्की' म्हणून गेला, आणि नवरा-बायको सामानासकट सासुरवाडीला येऊन राहिले. घरजावयाचा चहासुद्धा जरा कमी गरम असतो. एकदा, फक्त एकदा या बाईनं आपल्याला 'ग्रेग' म्हणावं, एवढीच त्याची इच्छा होती.

या सगळ्या वेळात सासरे मर्डो हॅल्डेन कोपऱ्यात बसून एका बटाट्याकडे बघत होते. मर्डोंचं तसं कुणाशीच फारसं बोलणं नसायचं, बटाट्यांशी मात्र असायचं. प्रदर्शनात बटाट्यांचीही स्पर्धा असते: एका ताटलीत पाच बटाटे, पाचही एकसारखे, अंगावर ओरखडा नको, डाग नको, आणि डोळे जितके कमी तितके चांगले. मर्डो त्यासाठी चाळलेल्या मातीत बटाटे लावायचे, बोटांनी उकरून काढायचे आणि दुधाच्या बोळ्यानं पुसायचे. आयल्साच्या म्हणण्याप्रमाणे लहानपणी तिचं तोंडसुद्धा बाबांनी कधी इतक्या प्रेमानं पुसलं नव्हतं. निवडलेले पाच बटाटे मागच्या शेडमधल्या लोखंडी पेटीत कुलपात असायचे. किल्ली मर्डोंच्या गळ्यात, आणि दुसरी किल्ली एफीच्या चहाच्या डब्यात. शेजारचा टलक दरवर्षी दुसरा यायचा आणि दरवर्षी कुंपणावरून मान लांब करून त्या शेडकडे बघायचा. यंदा मर्डो जिंकले, की चांदीचा कप कायमचा घरी राहणार होता.

शुक्रवारी दुपारी एफी आणि आयल्सा प्रदर्शनासाठी गावच्या हॉलमध्ये टेबलं मांडायला गेल्या. मर्डो बाहेरच्या मैदानात उभारलेल्या तंबूचे दोर बघायला गेले. शुक्रवारी संध्याकाळी चौकात मासे-बटाटे तळून देणारी गाडी येते, त्यामुळे त्या दिवशी एफीची चूल बंद. शनिवारी सकाळी तर स्वयंपाकघर एफीचंच असणार. म्हणजे जे काय करायचं ते आत्ताच!

ग्रेगनं बाह्या सरसावल्या. पीठ होतं. लोणी होतं. मीठ होतं. एफीचा बिडाचा काळाकुळकुळीत तवा खिळ्याला टांगलेला होता. बटाट्याच्या गोणीत हात घातला, तर गोणी रिकामी!

"हे असं आहे का!" ग्रेग गोणीला म्हणाला. काल सकाळी हीच गोणी अर्धी भरलेली होती, त्यानंच उचलून बाजूला ठेवली होती. गावातलं दुकान दुपारनंतर बंद. पण सासूबाईंचा डाव ओळखून हार मानेल तो ग्रेग कसला? त्यानं खांद्यापर्यंत हात आत खुपसला. अगदी तळाशी, जुन्या वर्तमानपत्राखाली, काहीतरी मऊ लागलं.

मोजे! लोकरी मोजे. आणि एकेका मोज्यात एकेक बटाटा.

"बटाट्यांनाही मोजे घालते ही बाई," ग्रेग म्हणाला, "आणि मला अंगावर एक जास्तीचं पांघरूण नाही." पाच मोजे, पाच बटाटे. आणि बटाटे तरी कसे! गुळगुळीत, गोरे, एकसारखे. सोलताना साल कशी सरसर उतरली! एरवी बटाटा सोलायचा म्हणजे डोळे कोरून काढता काढता माणूस मेटाकुटीला येतो. इथे डोळेच नव्हते. आपल्या नशिबावर ग्रेग इतका खूश झाला, की चक्क शीळ घालायला लागला.

ती शीळ बटाटे कुस्करायला घेईपर्यंत टिकली.

एफीचे बटाटे उकडले की भुसभुशीत, पिठूळ होतात, हे त्यानं पाहिलं होतं. हे बटाटे कुस्करले तर त्यांची खळ झाली. भिंतीला पोस्टर चिकटवावं अशी! अर्धा गोळा त्यानं उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर झाकून गरम ठेवला आणि अर्ध्यात पीठ घातलं. चिकटच. अजून पीठ घातलं. तरीही चिकटच! बोटं एकमेकांना चिकटली. चिकटल्या हातानं त्यानं फोन लावला.

"आयल्सा! पिठात बटाटा... नाही, बटाट्यात पीठ किती घालायचं?"

"हळू बोल! आई बाजूलाच आहे," आयल्सा कुजबुजली. "गोळा हाताला चिकटायचा थांबेपर्यंत."

"फोनसुद्धा चिकटलाय!"

"कोण आहे गं?" पलीकडून एफीचा आवाज आला.

"कुणी नाही, आई. चुकून लागलाय."

फोन बंद झाला, पण ग्रेगच्या कानापासून सुटेना. ओढून काढला तेव्हा कानामागचे थोडे केस त्याच्याबरोबर आले. मग त्यानं लाटणं घेतलं. गोळा लाटण्याला गुंडाळला गेला. खरवडून तव्यावर टाकला, तर तो तव्याला असा बिलगला, की उलथनं वाकलं आणि तो जागचा हलला नाही. घरभर धूर झाला. दुसरा कुणी असता तर त्यानं खिडकी उघडली असती आणि मासे खायला गेला असता. ग्रेगनं खिडकी उघडली आणि तवा घासायला घेतला.

"आग लागली की काय?" मागच्या दारात शेजारचा टलक उभा होता. खांद्यावर शिडी. "मर्डोची शिडी परत द्यायला आलो होतो," तो म्हणाला. ती शिडी त्यानं गेल्या ख्रिसमसला नेली होती. नेमकी प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी तिची आठवण का व्हावी, हे ग्रेगनं विचारलं नाही.

टलकची नजर भिरभिरत ओट्यावर आली, सालींच्या ढिगावर थांबली आणि तिथेच खिळली. शिडी भिंतीला टेकवून तो पुढे झाला. एक लांबलचक साल उचलून त्यानं खिडकीच्या उजेडात धरली. मग डोक्यावरची टोपी काढली.

"पोरा," तो हलक्या आवाजात म्हणाला, "हे बटाटे तुला कुठे मिळाले?"

"गोणीत. का?"

"एक डोळा नाही. एक ओरखडा नाही. कागदासारखी साल. अरे, असा बटाटा या गावात एकच माणूस काढतो!"

"छे! बाबांचे बटाटे शेडमध्ये पेटीत आहेत. चला, दाखवतो!"

दोघं शेडमध्ये गेले. ग्रेगनं पेटी धरून हलवली. आतून खडखड असा आवाज आला. "बघा! आहेत की!" ग्रेगचा जीव भांड्यात पडला.

"गाढवा," टलक म्हणाला, "मर्डोचे बटाटे असे एकमेकांवर आपटतील? तो त्यांना मऊ कशात तरी गुंडाळून ठेवत असणार. लोकरीत नाहीतर..."

"मोज्यात," ग्रेग म्हणाला. त्याचा आवाज कुठल्यातरी खोल विहिरीतून आल्यासारखा आला.

तो तिथेच उलट्या बादलीवर बसला. त्याला सगळं दिसायला लागलं: मर्डोंचा चेहरा, रिकामी ताटली, गेलेला कप, आणि एफी. उरलेल्या आयुष्यात आता 'जावईबापू'सुद्धा ऐकायला मिळणार नव्हतं. निदान टलक तरी खूश असेल म्हणून त्यानं वर पाहिलं, तर टलक त्याच्यापेक्षा दुःखी!

"मी इतकी वर्षं दुसरा येतोय," टलक म्हणाला. "ज्या वर्षी पहिला येईन, त्या वर्षी मर्डो माझ्या शेजारी दुसरा उभा पाहिजे. त्याचं तोंड बघायला पाहिजे मला! रिकाम्या ताटलीला हरवून मी काय मिरवू? थांब इथेच."

तो गेला आणि जाकिटाखाली काहीतरी लपवून परत आला. पाच बटाटे. "माझे दोन नंबरचे आहेत. एक नंबरचे देणार नाही. घाल मोज्यात आणि ठेव गोणीत. मर्डोची नजर हल्ली अधू झालीय. आणि मी तुला ओळखत नाही!"

ग्रेगनं स्वयंपाकघरात परत येऊन मोजे भरून गोणीच्या तळाशी ठेवले. टलक निघाला, पण दारात थबकला. "आता काय करतोयस?"

"स्कोन," ग्रेग म्हणाला. त्यानं पातेल्यावर झाकलेला उरलेला गोळा पुढे ओढला होता.

"अजून स्कोन?"

"करणारच! त्या बटाट्यांचा जीव मी घेतलाय. आता स्कोनही बिघडवले, तर ते फुकट मेले असं होईल!"

या वेळी त्यानं घाई केली नाही. एफी कशी करायची ते आठवून आठवून केलं. गोळा गरम असतानाच लोणी. पीठ चिमटीचिमटीनं. मळायचं नाही, नुसतं गोळा करायचं. लाटणं फिरवायचं ते झोपलेल्या मांजराच्या पाठीवरून हात फिरवावा तसं. काट्यानं टोचे मारले, तव्यावर कोरडं पीठ भुरभुरवून पाहिलं, ते बदामी झालं तेव्हाच स्कोन टाकला, आणि तो सुटला! आपणहून सुटला! दोन्ही बाजूंना तपकिरी ठिपके आले. ग्रेगनं त्याचे चार चतकोर, म्हणजे चार स्कोन केले आणि स्वच्छ फडक्यात गुंडाळून ठेवले. मग तो जिन्यावर जाऊन बसला आणि त्याला चक्क रडू आलं.

शनिवारी सकाळी सगळा गाव हॉलमध्ये. एफीचे स्कोन बायकांच्या टेबलावर, ग्रेगचे पुरुषांच्या टेबलावर. मर्डो गोणी घेऊनच आले होते. त्यांनी बटाट्यांच्या टेबलापाशी पहिला मोजा उलटा केला, बटाटा तळहातावर घेतला आणि तसाच धरून ठेवला.

"हा माझा नाही," मर्डो म्हणाले.

त्यांनी दुसरा मोजा उलटा केला. "हाही नाही." तिसऱ्यापर्यंत लोक माना उंचावून बघायला लागले. "हे टलकचे आहेत. पाटाजवळच्या वाफ्यातले. टलक! तुझे बटाटे माझ्या मोज्यात कसे आले? माझे कुठे आहेत?"

टलकनं छताकडे बघायला सुरुवात केली. त्याच्या कानापर्यंत लाली चढली. आता याला चोर म्हणणार, हे ग्रेगला दिसलं. इथून दार जवळ होतं. बस बाहेरच उभी होती. ग्रेग पुढे झाला.

"बाबा, टलकची काही चूक नाही. तुमचे बटाटे तिथे आहेत." त्यानं पुरुषांच्या टेबलाकडे बोट दाखवलं. "मी त्यांचे स्कोन केले."

कुणाच्या तरी हातातून मुरंब्याची बरणी पडली.

"पण गोणीत दुसरे बटाटेच नव्हते हो!" ग्रेग कळवळून म्हणाला. "आणि तुमचे तर पेटीत असतात ना!"

"यंदा गोणीत लपवले होते," मर्डो म्हणाले. "गोणीत बटाटे आहेत का, हे कोण कशाला बघेल? आणि शुक्रवारी तर चूल बंद! पण एफी, गोणी अर्धी भरलेली होती. तुझे बटाटे गेले कुठे?"

एफी आपल्या स्कोनची ताटली उगाचच सरळ करायला लागली. "मी... लपवले. जावईबापूंनी नासाडी करू नये म्हणून."

"कुठे लपवलेस?"

"तुझ्या पेटीत. रिकामी दिसली. म्हटलं, यंदा तू जागा बदललेली दिसतेय, आता ती कोण उघडणार!"

मग मर्डो वळले आणि पुरुषांच्या टेबलाकडे चालू लागले. ग्रेगच्या ताटलीतला एक चतकोर त्यांनी उचलला.

"मर्डो!" एफी ओरडली. "अजून परीक्षण व्हायचंय!"

मर्डोंनी चतकोर तोंडात टाकला. एवढी वर्षं त्यांनी हे बटाटे लावले, काढले, पुसले, जिंकवले. प्रदर्शन झालं की परड्यात पुरले. खाल्ला एकही नव्हता! खाण्याची वस्तू आहे हे त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं. ते चावत राहिले. अख्खा गाव त्यांच्या जबड्याकडे बघत राहिला.

"कसा आहे?" टलकच्यानं राहवेना.

"चव नाही," मर्डो म्हणाले. "ओला पुठ्ठा!"

"जावयाचा हात!" मागून कुणीतरी म्हणालं. चारदोन जण हसले. ग्रेगनं मान खाली घातली.

"थांबा!" एफी म्हणाली.

ती टेबलापाशी आली. तिनं एक चतकोर उचलला, उलटा केला, ठिपके बघितले. बोटानं दाबला. वास घेतला. मोडला आणि त्यातला तुकडा खाल्ला. एफीनं स्कोनबद्दल आयुष्यात कधी खोटं सांगितलं नव्हतं, अगदी पाद्रीबाबांच्या बायकोलासुद्धा नाही. आता खरं सांगायचं, तर नवऱ्याचा बटाटा बुडणार होता, आणि खोटं सांगायचं, तर जावई!

"भाजलाय बरोबर," ती म्हणाली. "जाडी बरोबर आहे. हात हलका आहे. याच्यात काही दोष नाही. मर्डो, तुझा बटाटाच रद्दी आहे!"

मागच्या रांगेतले लोक खुर्च्यांवर चढले.

"काहीतरीच काय बोलतेस!" टलक मर्डोंच्या बाजूनं पुढे सरसावला, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. त्यानं तिसरा चतकोर उचलून तोंडात टाकला. चावला. हळूहळू त्याचा चेहरा पडला. "म्हणजे माझाही असाच लागत असेल?"

"तुझा याहून वाईट असेल," मर्डो म्हणाले. मग दोघं भिंतीपाशी खुर्च्या ओढून बसले आणि पुढच्या वर्षी कोणती जात लावावी, जी खाताही येईल, यावर बोलायला लागले. टलकला त्या दिवशी पहिला नंबर मिळाला. तो घ्यायला उठायचं त्याच्या लक्षातच राहिलं नाही.

परीक्षक बाई बाहेरगावच्या. हा सगळा गोंधळ झाला तेव्हा त्या मागच्या खोलीत चहा घेत होत्या. त्या चष्मा पुसत पुरुषांच्या टेबलापाशी आल्या. स्पर्धेत हवे होते चार स्कोन. ग्रेगच्या ताटलीत उरला होता एक, आणि कडेला थोडे कण. बाईंनी काहीही न विचारता कार्ड लिहिलं आणि ताटलीला टेकवून ठेवलं: 'नियमाप्रमाणे नाही'.

संध्याकाळी ग्रेग अंगणात बसून बुटांकडे बघत होता. एफी शेडमधून आली. पदरात, म्हणजे एप्रनच्या ओच्यात, पेटीतले गुलाबी सालीचे वेडेवाकडे बटाटे होते, डोळ्यांनी भरलेले.

"ग्रेग," ती म्हणाली, "बसलायस काय असा? चल, हात धू. खरा बटाटा कसा असतो ते दाखवते तुला."

ग्रेग इतका ताडकन उठला, की शेजारची बादली उलटली.

आत गेला तर भिंतीवर, लाल कार्डांच्या ओळीच्या शेवटी, एक पांढरं कार्ड टाचलेलं होतं. 'नियमाप्रमाणे नाही'.

"आई," ग्रेगनं घाबरत घाबरत विचारलं, "हे कार्ड स्कोनचं म्हणून लावलंय, की माझं म्हणून?"

एफीनं तवा चुलीवर ठेवला, पीठ पुढे ओढलं आणि त्याच्याकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

"स्कोन बरे होते," ती म्हणाली.